मुनीमजींची घरगुती हजामत

"काटकसर करायची तं डोक्यापासून करा लागते," असं भीमराजभाऊ पाईकराव जेवता जेवता म्हणाले, ते आपले बोलण्याच्या भरात. डोकं म्हणजे त्यांना घरचा कर्ता म्हणायचं होतं. पण त्यांच्या लेकीने, दीपाने, डोक्याचा अर्थ डोकं असाच घेतला आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला.

त्या साली कापसाचा भाव असा काही पडला होता की ढाणकीच्या बाजारात लोकांनी एकमेकांना भाव विचारणंच सोडलं होतं. फार आजारी माणसाच्या घरच्यांना आपण तब्येतीचं थेट विचारत नाही, तसं. कुणी कापूस घरातच कोंडून ठेवला, कुणी पैनगंगा ओलांडून आंध्रात नेला. भीमराजभाऊ ज्या जिनिंगच्या वजनकाट्यावर मुनीम म्हणून बसायचे, तिथे गाड्यांच्या रांगेऐवजी उन्हात कुत्री पाय ताणून झोपलेली असायची. शेठजींनी पगार निम्मा केला. अर्थात 'निम्मा केला' असं ते म्हणाले नाहीत. "मुनीमजी, आधा अभी, आधा बाद में," असं म्हणाले. आणि 'बाद में' म्हणजे कधी, हे विचारण्याइतके भीमराजभाऊ उर्मट नव्हते.

तर त्या संध्याकाळी त्यांनी घरात भाषण केलं. चहा एक वेळ. फोडणीला तेल चमच्याने, बाटलीने नाही. पेपर बंद. मोटरसायकलवर ताडपत्री. अंधार पडल्यावर स्वयंपाकघरात एक बल्ब, बाकी घर काळोखात. (यातली अर्धी काटकसर सरकारने लोडशेडिंग करून आधीच पार पाडली होती, पण श्रेय भीमराजभाऊंनी घेतलं.) भाषण संपल्यावर त्यांनी कौतुकाच्या अपेक्षेने सगळ्यांकडे पाहिलं. बायको साधना भाताच्या शितांकडे पाहत राहिली. बोलली ती त्यांची म्हातारी आई, मथुराबाई.

"याले काटकसर म्हंतेस काय बापा? आमी तं याले संसार म्हनो."

सभापती एखाद्या सदस्याचा मुद्दा कामकाजातून वगळतात, तसं भीमराजभाऊंनी आईचं बोलणं वगळलं.

नियम पाळण्यात मात्र ते कडक निघाले, विशेषतः स्वतःच्या बाबतीत. आठवड्याने त्यांनी आपलं रात्रीचं जेवणही सोडलं. दिवस मावळला की ते अंगणात बाजेवर जाऊन बसत. पेपर नाही, टीव्ही नाही, उजेड नाही. ज्या माणसाला रोज पेपर वाचून जगाला नावं ठेवायची सवय, त्याच्याकडे पेपराशिवाय बोलायला तरी काय असणार? ते गप्प बसत. मच्छर चावले की डोळे मिटून सोसत.

शेजारी हरिसिंग राठोड राहायचे. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मधली भिंत कमरेइतकी. या हरिसिंगना हल्ली भिंतीवरून डोकवायचा नादच लागला होता.

"काय गा मुनीमजी, जेवले काय?"

"हो."

थोड्या वेळाने परत: "काय गा, जागे हाय ना?"

"हाव."

"मंग बोला ना काही!"

भीमराजभाऊ मनात म्हणायचे, या माणसाला निवृत्त कशाला केलं, अजून एखादी रातराणी चालवायला द्यायला हवी होती.

आणि मग केस वाढले. बाजारात उकंडा न्हाव्याचं सलून होतं. भीमराजभाऊ तिथे दर महिन्याला जात. आता ते सलून समोर आलं की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालू लागले. केस कॉलरवर आले तसं दीपाने विचारलं, "बाबा, तुमीच म्हनलं व्हतं ना, डोक्यापासून? मी कापून देऊ काय?"

दीपा शिवणक्लासला जायची. ब्लाऊजचा गळा तिला झकास कापता येई. गळ्याच्या वरचा भाग तिने अजून हाताळला नव्हता, एवढंच.

रविवारी सकाळी अंगणात स्टूल मांडलं. भीमराजभाऊ खांद्यावर जुनी चादर घेऊन ताठ बसले. दीपाने आधी पाठीमागे खडूने खूण करून घेतली. कात्री चालू लागली आणि पाहता पाहता मानेवर सुंदर गोल गळा निघाला. भिंतीवरून आवाज आला.

"पोरी, गाडी डाव्या अंगाले ओढून राह्यली."

दीपाने डावीकडून कमी केलं.

"आता उजव्या अंगाले."

तिने उजवीकडून कमी केलं. असं दोन्हीकडून कमी होत होत मध्ये डोक्यावर एक शेंडा उरला, शेतात कपाशीची पऱ्हाटी उपटल्यावर बांधावर एखादं झुडूप राहून जावं तसा. मग हरिसिंगना राहवेना. ते भिंत ओलांडून आले, येताना घरातून मोठी कातर घेऊन आले.

"सरका. तांड्यावर म्या बकऱ्याचे केस काढलेत. आजलोक एक बी बकरी तक्रार घेऊन आली नाई."

भीमराजभाऊ बकरी नव्हते, पण चादर मानेशी गाठ मारून बांधलेली असल्यामुळे त्यांना उठताही येत नव्हतं. कातर बंद झाली तेव्हा हरिसिंगच्या बायकोने, लालीबाईंनी, आरसा आणला, भीमराजभाऊंकडे एकदा पाहिलं, आणि आरसा तसाच घेऊन पदर तोंडात कोंबत त्या घरात पळाल्या.

आता एकच इलाज उरला होता. सगळं उतरवून टाकणं. साबणाचा फेस केला, दाढीचं यंत्र आणलं, आणि हरिसिंगनी हात एसटीचा गिअर धरल्यासारखा घट्ट ठेवून डोकं गुळगुळीत केलं. त्या तकतकीत डोक्याखाली मिशी कुणीतरी उगीच चिकटवल्यासारखी दिसायला लागली. ती जरा बारीक करावी म्हणून भीमराजभाऊंनी स्वतः यंत्र हातात घेतलं. एक बाजू जास्त गेली. दुसरी बाजू न्यायाने गेली.

मथुराबाईने लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरून निरखला. "जल्मला तवा असाच दिसे," ती म्हणाली.

सोमवारी भीमराजभाऊ कामावर निघाले. पायी. चपलेचा अंगठा त्यांनी स्वतः दाभणाने शिवला होता. तो चौकापर्यंत टिकला. मग ते चपला पिशवीत टाकून अनवाणी चालू लागले. किराणा दुकानाचे मालक दुकानातून उतरून समोर आले आणि त्यांनी भीमराजभाऊंचा हात हातात घेतला.

"कवा झालं?"

भीमराजभाऊंना वाटलं, हजामतीचंच विचारताहेत. "काल. सकाळी."

"लय तरास झाला काय?"

"थोडा. मानेपाशी."

"सुटले म्हना एकदाचे."

"हाव बापा, सुटलो," भीमराजभाऊ मनापासून म्हणाले.

ते जिनिंगला पोचेपर्यंत मथुराबाई मानेच्या दुखण्याने वारल्याची बातमी मोहल्ल्यात पोचली होती.

दुपारी दारात रडण्याचा मोठा आवाज आला. गल्लीतल्या रुखमाबाई आल्या होत्या. कुणाचंही गेल्याचं कळलं की पहिला हंबरडा त्यांचा असे, त्याबद्दल त्यांची ख्याती होती. सोबत आणखी बायका. "मथुराबाई वं, मले सोडून कशी गेली वंऽऽ" म्हणत त्यांनी दाराची कडी वाजवली, आणि दार मथुराबाईने उघडलं.

"कोन गेलं वं?" म्हातारीने कानाला हात लावून विचारलं.

रुखमाबाईंचा हंबरडा घशातच अडकला. "तू... तू घरी हायेस?"

"मंग कुठं जाऊ? गुडघे काम देत नाईत. ये, बस."

आता आलेल्या बायकांना कोरड्या तोंडी कसं पाठवायचं? चहा झाला. मेलेलं माणूस जिवंत निघालं म्हणजे आनंदाची गोष्ट, म्हणून साखर जरा जास्त. संध्याकाळपर्यंत बातमी खोटी कशी हे पाहायला आणखी माणसं आली. साधना आधण ठेवतच राहिली. एका वेळचा चहा वाचवून घरात जेवढी साखर शिल्लक पडली होती ती दोन दिवसांत गेली, आणि डब्याच्या तळाशी चमचा खरवडल्याचा आवाज अंगणात भीमराजभाऊंच्या काळजापर्यंत ऐकू आला.

मग मुंडन कशाचं, हा प्रश्न मनावर घेतला तो राजदीप हनवते सरांनी. सर शाळेत इतिहास शिकवायचे आणि बुद्ध विहाराच्या समितीचे सचिव होते. "अरे, आपल्यात मौतीले मुंडन कुठं करतेत?" त्यांनी लोकांना दटावलं. "हे येगळं हाय. मी स्वतः जाऊन पाह्यतो."

ते आले ते दिवेलागणीला. भीमराजभाऊ बाजेवर, काळोखात, अनवाणी, मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. मच्छर फार होते. सर उंबऱ्यापाशीच थबकले. मग हळूच त्यांनी साधनाला विचारलं, "रात्रीचं जेवन?"

"सोडलं त्याईनं," साधना म्हणाली. तिचा आवाज बारीक होता.

"गाडी?"

"तिकडं पाह्यत बी नाईत."

सर बाजेशेजारी खाली जमिनीवर बसले. "भीमराजभाऊ," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात जिल्ह्याचं श्रामणेर शिबिर हाय. मुंडन करून, चीवर घालून, रात्री न जेवता काही दिवस भिक्खूसारखं राहाचं. दरसाल आपल्या ढाणकीतून कोनीच जात नाई, मान खाली जाते माही. अन् तुमी इथं गाजावाजा न करता सुरू बी केलं! हे मनातूनच आलं ना?"

इथे भीमराजभाऊंना सगळं कळलं. इथे त्यांनी 'नाही सर, न्हाव्याचे पैसे वाचवत होतो,' एवढं म्हणायला हवं होतं. वाक्य जिभेवर आलंही. पण राजदीप सरांचे डोळे त्या काळोखातही चमकताना दिसत होते, आणि कालपर्यंत 'मुनीमजी' म्हणून जे गाव आपल्याला नमस्कार करत होतं त्याच्यासमोर आपली अर्धी झालेली कमाई उघडी करून ठेवायची, हे त्यांच्याने होईना.

"मनातूनच," ते पुटपुटले.

"साधू, साधू, साधू," सर विहारात अनुमोदन देतात तसं म्हणाले.

सकाळी विहाराच्या भोंग्यावरून त्यांचं नाव जाहीर झालं. पुढच्या रविवारी सत्कार, त्यानंतर समितीतर्फे भोजनदान. लोक रस्त्यात थांबून हात जोडू लागले. सगळ्यात वाईट म्हणजे मथुराबाई. ती ठेवणीतलं पांढरं लुगडं काढून उन्हात टाकत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माह्या भीमराजनं नाव काढलं वं." भीमराजभाऊ दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले, खरं सांगायला. दोन्हीदा तिने त्यांच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि ते उठून आले.

त्यांच्या मनात असंही आलं, की जाऊन यावं शिबिराला, काय बिघडतं? पण चीवर म्हणजे फसलेली हजामत झाकायचं कापड नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. लहानपणापासून विहारात बसलेला माणूस होता तो.

मधेच परवानगीचं प्रकरण निघालं. शिबिराच्या अर्जावर आईची, बायकोची आणि नोकरी असेल तर मालकाची संमती लागत होती. आईने अंगठा केव्हाच दिला. साधनाने सही न करता कागद परत दिला, "मले इचारल्याबिगर ठरवलं, तं माह्या सहीचं काय अडलं?" म्हणाली आणि चुलीकडे वळली. शेठजींची सही राजदीप सरांनी परस्पर आणली. उत्साही माणसं कामं परस्पर करतात ती अशी.

दुसऱ्या दिवशी भीमराजभाऊ काट्यावर गेले तर त्यांच्या खुर्चीवर शेठजींचा भाचा राजकुमार बसलेला. त्यांच्या गादीवर, त्यांच्या पेनाने कान कोरत.

"आइए, आइए मुनीमजी!" शेठजी धावत आले. "हम तो धन्य हो गये. सुना, आप संसार छोड रहे हैं."

"शेठजी, संसार नाई, ते नुसतं काही दिवसाचं—"

"अरे, आप की जगह की फिक्र मत करिए. राजकुमार देख लेगा."

"अन् तो आधा... बाद में वाला?"

शेठजींनी दुखावल्या चेहऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "अब आप भी मोहमाया की बात करेंगे, मुनीमजी?"

घरी येताना भीमराजभाऊंच्या पायात काटा मोडला. ते रस्त्याकडेला दगडावर बसले आणि काटा काढायचा सोडून तसेच बसून राहिले. काटकसरीच्या नादात त्यांनी चहा वाचवला, तेल वाचवलं, न्हावी वाचवला, आणि नोकरी घालवली.

रविवारी विहार गच्च भरलं. समोर मूर्ती, फुलं, मेणबत्त्या. बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत मथुराबाई, शेजारी साधना आणि दीपा. मागे भिंतीला टेकून हरिसिंग. शेठजीही आले होते, हातात झेंडूचा मोठा हार. वंदना झाली. राजदीप सर त्यागावर बोलले, बरंच बोलले. मग भीमराजभाऊंना उभं केलं.

त्यांनी आईकडे पाहायचं टाळलं आणि नेमकं तिकडेच पाहिलं.

"मी श्रामणेर नाई होऊन राह्यलो," ते म्हणाले. "माहा पगार अर्धा झाला. उकंडाकडं जाचे पैसे वाचवाले म्हनून घरी केस कापले. ते बिघडले. मंग सारेच काढले. लाईट बी त्याच्याच साठी बंद, गाडी बी त्याच्याच साठी. सर घरी आले तवाच सांगाले पाह्यजे व्हतं. लाज वाटली. मले माफ करा."

आणि मागून हरिसिंगचा आवाज आला, अपघाताचा जबाब देताना यावा तसा गंभीर:

"कातर माही व्हती."

पहिला कोण हसला ते कळलं नाही. पण मग आख्खं विहार हसलं. बायका लेकरांच्या पाठीआड तोंडं लपवून हसल्या. राजदीप सर तेवढे हसले नाहीत. ते लाल झाले होते.

"पन मंग तुमी मले सांगतलं काहून नाई?" ते म्हणाले. "मी काय परका हावो? माह्या घरी दिवाळीपासून कोरा चहा चालू हाय! भावाचा कापूस घरात पडून, त्याची दोन्ही पोरं मीच शिकवून राह्यलो. पाहुना आला का बायको म्हनते, दूध नासलं. चार महिने झाले, रोज नासते दूध!"

ते बोलून गेले आणि मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर किराणावाल्यांनी तोंड उघडलं होतं. त्यांच्या पोराच्या लग्नाची तारीख ज्योतिषाने नाही, कापसाने पुढे ढकलली होती. कुणी म्हणालं आमचा टीव्ही दुरुस्तीला नाही, विकला. रुखमाबाई म्हणाल्या की त्या मौतीच्या घरी सगळ्यात आधी जातात, कारण तिथे चहा मिळतो. यावर परत हशा झाला, पण या वेळी त्यात जरा ओलावा होता.

या गडबडीत भीमराजभाऊंना धीर आला. "शेठजी," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्या मी काट्यावर येतो. राजकुमारले माही खुर्ची मोकळी कराले सांगजा."

दोनशे डोळे शेठजींकडे वळले. "हाँ हाँ, क्यों नहीं," शेठजी घाईने म्हणाले. "आप की ही तो है." हाताच्या हाराचं काय करावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तो मूर्तीसमोर ठेवला आणि हात जोडले.

शिबिराचा प्रश्न उरला. ढाणकीचं नाव जिल्ह्याला कळवून झालं होतं. राजदीप सर छताकडे पाहत म्हणाले, "मीच जातो." खऱ्या अर्थाने टाळ्या पडल्या त्या इथे.

भोजनदानात भीमराजभाऊ महिन्याभराचं जेवले. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. घरी जाताना साधना त्यांच्या शेजारून चालत होती. आई आणि दीपा पुढे.

"मायचं मन मोडलं ना?" त्यांनी विचारलं.

"मायचं सोडा." साधना थांबली. "तुमी संध्याकाळी अंधारात गप बसत व्हते. जेवत नव्हते. इचारलं तं हाव अन् नाई. या साली अशी गप बसलेली मानसं... तुमाले माहीत नाई काय? म्याच हरिसिंगभाऊले सांगतलं व्हतं, जरा ध्यान ठेवा म्हनून. ते मुंडन पाह्यलं तवा तं मी रात्रभर बाजेपाशी बसून व्हते."

भीमराजभाऊ रस्त्यातच उभे राहिले. त्यांना भिंतीवरचं ते डोकं आठवलं, 'जागे हाय ना?' विचारणारं. आपण काळोखात बसून काय वाचवत होतो, आणि ही बाई काय वाचवायला बसली होती!

"मले काही झालं नव्हतं वं," ते म्हणाले. "नुसती काटकसर."

"मंग बोलत जा ना. बोलाले पैसे पडतेत काय?"

हे भीमराजभाऊंना पटलं, आणि त्यांना एखादी गोष्ट पटली की ते ती कशी पाळतात हे आपण पाहिलंच आहे. त्या संध्याकाळी ते बाजेवर बसले ते बोलत. कापसाच्या भावावर बोलले, सरकारवर बोलले, राजकुमारच्या कान कोरण्यावर बोलले. हरिसिंगना भिंतीपलीकडून बोलावून घेतलं आणि एसटीच्या कारभारावर त्यांचं आणि स्वतःचं मत सांगितलं. दीपाला शिवणकामाबद्दल सूचना केल्या. साधना ऐकता ऐकता भाजी निवडत होती आणि मधूनमधून उगीच हसत होती. जेवणं झाली तरी ते बोलतच होते.

मथुराबाईने गोधडी दोनदा कानावर ओढली. शेवटी उठून बसली.

"साधना," ती म्हणाली, "सकाळी राजदीपकडं जाजो वं. म्हनाव, शिबिराले एकटा कायले जातेस बापा, संगं आमचा बी घेऊन जा."